श्वासाने उघडणारी झडप

पोहायला शिकणाऱ्या मुलांना कधी ना कधी एक युक्ती सुचतेच. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. त्याचे एक टोक तोंडात धरून आणि दुसरे पाण्याबाहेर ठेवून डोके बुडवले, तर श्वास घेता येतो. मग देठाऐवजी चार मीटर लांबीची नळी घेतली, तर विहिरीच्या तळाशी बसून राहता येईल का? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक हात 'हो' म्हणून वर होतील.

उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे साध्या गुणाकाराने कळते. पाण्यात एक मीटर खोल गेले की दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका दाब वाढतो. छातीचा पुढचा भाग ३० सेंमी लांब व ३० सेंमी रुंद धरला, तर क्षेत्रफळ ९०० चौरस सेंमी होते. म्हणजे छातीवर जादा भार ९० किलोचा. नळीतून येणारी हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची असते, त्यामुळे या भाराला आतून आधार मिळत नाही. चार मीटरवर हाच भार ३६० किलो होईल. बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल यांच्या ताकदीबाहेरची ही गोष्ट आहे. (हा प्रयोग पाण्यात कोणालाही करू देऊ नये. त्यात फुप्फुसांना इजा होते.)

वर्गात मात्र वेगळा प्रयोग करता येईल. दोन-तीन मीटर लांबीची पारदर्शक नळी इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वाकवून भिंतीला लावा आणि तिच्यात रंगीत पाणी भरा. एका टोकाने, गाल न चोखता, केवळ छातीच्या जोराने हवा ओढा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती फरक पडतो ते मोजा. जोर लावून क्षणभर बराच फरक पाडता येतो, पण तो टिकवून सलग दहा श्वास घेता येतात का, ते पाहा. मुलांना स्वतःच्या छातीची मर्यादा सेंटिमीटरमध्ये कळेल.

म्हणजे पाणबुड्याला नुसती हवा मिळून भागत नाही. तो ज्या खोलीवर असेल तिथल्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला हवी असते, आणि तो वरखाली झाला की तिचा दाबही लगेच बदलायला हवा. हे काम करणाऱ्या उपकरणाला रेग्युलेटर म्हणतात. आज त्याचा मुख्य भाग किलोभर वजनाचा असतो आणि पाणबुडे तो कपड्यांच्या बॅगेत घालून देशोदेशी नेतात. लांबच्या प्रवासासाठी हलका रेग्युलेटर कोणता घ्यावा, असा प्रश्न त्यांना पडतो. नुसते वजन पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. रेग्युलेटरचा प्रत्येक भाग कोणाच्या तरी अडचणीतून जन्मला आहे. तो इतिहास ठाऊक असला, तर काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही, हे ठरवणे सोपे जाते.

वरून येणारी हवा

धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅली यांनी १६९१ मध्ये पाण्यात सोडायची एक घंटा तयार केली होती. उपडा पेला पाण्यात दाबला की आत हवा राहते, तेच तत्त्व. घंटेतली हवा खराब झाली की वजन बांधलेल्या पिंपांतून ताजी हवा खाली पाठवत. घंटा खालून उघडी असल्याने आतली हवा आपोआप पाण्याच्या दाबाइतकी दबे. दाबाचा प्रश्न असा सुटला, पण माणूस घंटेला बांधलेला राहिला.

१८३० च्या दशकात लंडनमध्ये ऑगस्टस सीब यांनी तांब्याचे शिरस्त्राण आणि त्याला जोडलेला बंद पोशाख बनवला. नावेवर माणसे पंप मारत आणि नळीतून हवा शिरस्त्राणात येत राही. हा पोशाख शंभर वर्षांहून अधिक काळ बंदरांच्या आणि बुडालेल्या जहाजांच्या कामांत वापरला गेला. शिरस्त्राण, शिशाची वजने, जड बूट असे सगळे मिळून सुमारे ८० किलो अंगावर असे. असा पाणबुडा तळावर चाले, त्याला पोहता येत नसे. शिवाय हवा अखंड वाहत राही. पाणबुडा श्वास घेवो वा न घेवो, वरचा पंप थांबवून चालत नसे.

खाणीतून समुद्रात

पुढची पायरी समुद्रापासून दूर, फ्रान्समधल्या खाणींत घडली. बनुआ रुकेरोल हे खाण-अभियंते होते. विषारी वायू भरलेल्या बोगद्यात शिरून अडकलेल्या कामगारांना बाहेर कसे काढायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. १८६० मध्ये त्यांनी एका उपकरणाचे पेटंट घेतले. पाठीवर दाबलेल्या हवेची लोखंडी टाकी होती आणि तिच्यावर एक छोटा कप्पा. कप्प्याची एक बाजू लवचीक पडद्याची होती. माणसाने श्वास ओढला की कप्प्यातला दाब किंचित कमी होई, पडदा आत वाके, त्याला जोडलेली दांडी झडप उघडे आणि टाकीतली हवा कप्प्यात येई. दाब बाहेरच्याइतका झाला की पडदा सरळ होई आणि झडप बंद पडे.

या रचनेतली मेख लक्षात घेण्यासारखी आहे. हवा केव्हा आणि किती सोडायची, हे ठरवायला वेगळा माणूस लागत नाही. ते श्वासच ठरवतो. पडद्याच्या बाहेर पाणी असेल, तर पाण्याचा दाबही त्या पडद्यावरच पडतो. त्यामुळे आत येणारी हवा आपोआप त्या खोलीच्या दाबाची होते. दोन कामे एका पडद्याने केली.

नौदलातील अधिकारी ऑग्युस्त दनेरूझ यांनी ही गोष्ट ओळखली. १८६४ च्या सुमारास दोघांनी मिळून हे उपकरण पाण्याखाली वापरण्याजोगे केले. पण एक मोठी उणीव राहिली. त्या काळच्या टाकीत फार दाबाची हवा भरता येत नसे. त्यामुळे पाणबुड्याला बहुतेक वेळ वरच्या पंपाची नळी जोडलेलीच ठेवावी लागे. ती सोडून तो मोकळा फिरे तो थोडा वेळच.

ज्यूल व्हर्न यांच्या समुद्राखालच्या सफरीच्या प्रसिद्ध कादंबरीत कॅप्टन निमो याच उपकरणाचे नाव घेतो. मात्र व्हर्न यांनी त्याच्या टाकीत ५० वातावरण इतका दाब कल्पिला आहे आणि ती हवा नऊ-दहा तास पुरते, असे म्हटले आहे. हे गणित वर्गात तपासून पाहण्याजोगे आहे. चालणाऱ्या माणसाला मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू. १० तासांना १२,००० लिटर हवा लागेल. ५० वातावरण दाबाखाली ती मावायला २४० लिटरची टाकी हवी! आणि हे झाले जमिनीवरचे. पाण्याखाली १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा खर्च होते. तिथे ४८० लिटरची टाकी लागेल. झडपेची कल्पना तयार होती, तिला साजेशी टाकी मात्र कादंबरीतच होती.

बाटली आली, झडप राहिली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनजोडाच्या पोलादी बाटल्या बनू लागल्या. सांध्यावर फुटण्याची भीती नसल्याने त्यांत शंभर-दीडशे वातावरण दाबाची हवा भरता येऊ लागली. १९२० च्या दशकात फ्रेंच नौदलातले ईव्ह ल प्रिअर यांनी अशी बाटली अंगावर बांधून पाण्यात उतरण्याचे उपकरण केले. वरची नळी खरोखरच सुटली. मात्र त्यात श्वासाने उघडणारी झडप नव्हती. पाणबुड्या हाताने तोटी फिरवून हवा सोडे आणि ती सतत वाहत राही. ३ लिटरच्या बाटलीत १५० वातावरण दाबाने ४५० लिटर हवा मावते. श्वास बाहेर सोडतानाही ती वाहून जात असेल, तर किती मिनिटे पुरणार?

दोन अर्धी उत्तरे अशी साठ वर्षांच्या अंतराने तयार होती. एकाकडे झडप होती पण बाटली नव्हती, दुसऱ्याकडे बाटली होती पण झडप नव्हती. ती जोडणारा एक तरुण होता जॉर्ज कोमेन. त्याने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात श्वासावर चालणारी झडप आणि दाबाची बाटली एकत्र आणली, आणि १९४३ मध्ये मार्सेयजवळच्या समुद्रात ५३ मीटर खोली गाठली. पुढच्याच वर्षी स्ट्रासबर्गच्या लढाईत तो मारला गेला आणि त्याचे काम तिथेच थांबले.

मोटारीच्या गॅसवरून सुचलेले

त्याच युद्धकाळात नौदलातले अधिकारी जॅक कुस्तो समुद्रतळ पाहण्याच्या खटपटीत होते. आधी त्यांनी शुद्ध ऑक्सिजनचे उपकरण वापरून पाहिले होते. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. कुस्तोंना त्यात दोनदा झटके आले आणि ते थोडक्यात वाचले. म्हणून त्यांना साधी दाबलेली हवाच हवी होती. डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसमध्ये ते एअर लिक्विड या वायू तयार करणाऱ्या कंपनीतले अभियंते एमिल गान्यां यांना भेटले. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये पेट्रोल मिळत नव्हते, आणि इंजिनाला हवा तेवढाच गॅस देणाऱ्या एका झडपेवर गान्यां काम करत होते. इंजिनाने ओढले की गॅस सुटे. कुस्तोंना माणसासाठी नेमके तेच हवे होते.

जानेवारी १९४३ मध्ये पॅरिसजवळच्या मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि ती फसली. पाणबुडा आडवा असला की उपकरण नीट चाले, उभा राहिला की हवा भसाभस वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास जड होई.

कारण असे होते. हवेचा दाब ठरवणारा पडदा आणि उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर होत्या. समजा, उभे असताना झडप पडद्यापेक्षा १५ सेंमी वर आहे. मग तिच्याभोवतीच्या पाण्याचा दाब १५ सेंमी पाण्याइतका कमी असणार. आतली हवा पडद्याच्या पातळीच्या दाबाची, म्हणून ती आपोआप बाहेर पळणार. उलटे झाले की झडप खाली जाते आणि दाबाचा फरकही उलटतो. आपल्या यू-नळीत १५ सेंमीचा फरक ठेवून श्वास घेऊन पाहा, म्हणजे हा फरक किती जाणवतो ते कळेल.

उपाय सोपा निघाला. उच्छ्वासाची झडप पडद्याच्या अगदी शेजारी आणली. पण पडदा तर पाठीवर, बाटलीच्या तोंडाशी. म्हणून एका नळीने हवा तोंडाशी आणायची आणि दुसरीने उच्छ्वास परत पाठीमागे न्यायचा. जुन्या चित्रांतल्या पाणबुड्याच्या दोन्ही गालांवरून जाणाऱ्या, चुण्या पडलेल्या जाड नळ्या आठवत असतील. त्या दोन का होत्या, याचे उत्तर हे.

१९४३ च्या जूनमध्ये भूमध्य समुद्रात हे उपकरण यशस्वी झाले. युद्ध संपल्यावर ते विक्रीला आले. कुस्तोंचे नाव पुस्तकांतून आणि चित्रपटांतून जगभर पोचले. गान्यां १९४७ मध्ये कॅनडाला गेले आणि १९८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेकांना अपरिचितच राहिले. 'रेग्युलेटरचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देणे आम्हाला म्हणूनच पटत नाही. पाठ्यपुस्तकात एक नाव छापणे सोयीचे असते, पण खाण, नौदल, पोलादाचा कारखाना आणि पेट्रोलची टंचाई यांतले काहीही वगळले, तरी ही गोष्ट पूर्ण होत नाही.

एक नळी गेली

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये वेगळी रचना बाजारात आणली. त्यांनी दाब कमी करण्याचे काम दोन ठिकाणी वाटले. बाटलीच्या तोंडाशी पहिला टप्पा: तो हवेचा दाब दीडशे-दोनशे वातावरणांवरून भोवतालच्या दाबापेक्षा आठ-दहा वातावरण जास्त इतका खाली आणतो. तोंडापाशी दुसरा टप्पा: त्यात पडदा, श्वासाने उघडणारी झडप आणि उच्छ्वासाची झडप, तिन्ही एकत्र. पडदा आणि उच्छ्वासाची झडप शेजारीच असल्याने मार्न नदीतली अडचण उद्भवत नाही, आणि उच्छ्वास परत पाठीमागे नेण्याची गरजही उरत नाही. मधल्या नळीतली हवा दाबाखाली असल्याने ती नळी बारीक चालते. दोन जाड नळ्यांच्या जागी एक बारीक नळी आली.

इथे शिकण्यासारखे असे, की वजन कमी झाले ते धातू पातळ केल्याने नव्हे. कोणते काम कुठे व्हावे, याचा नव्याने विचार केल्याने ते झाले. आज जगभर वापरात असलेले रेग्युलेटर प्रामुख्याने याच रचनेचे आहेत. एल्ड्रेड यांची छोटी कंपनी पुढे कुस्तो-गान्यां उपकरण विकणाऱ्या फ्रेंच समूहाने विकत घेतली.

हलकेपणाची किंमत

त्यानंतर वजन घटले ते मुख्यतः साहित्य बदलल्याने. दुसऱ्या टप्प्याची डबी पूर्वी पितळेची असे, ती प्लॅस्टिकची झाली. पहिला टप्पा अजूनही बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेचा असतो. १९९० च्या दशकात टायटॅनियमचे रेग्युलेटर आले. पितळेची घनता साडेआठच्या आसपास आणि टायटॅनियमची साडेचार, म्हणून त्याच आकाराच्या भागाचे वजन जवळजवळ निम्मे होते. शिवाय खाऱ्या पाण्याने टायटॅनियम गंजत नाही. पण ऑक्सिजनचे प्रमाण फार असेल, तर ते पेट घेऊ शकते. म्हणून ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असलेल्या मिश्रणासाठी ते वापरू नये, असे सांगितले जाते.

रबरी नळ्यांऐवजी धाग्यांच्या विणीच्या हलक्या, वाकणाऱ्या नळ्या आल्या. बॅगेत त्या छान मावतात. पण त्यांपैकी काहींचे आतले अस्तर उष्ण हवेत खराब होऊन आत स्फटिक साचल्याच्या आणि हवेची वाट अडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. बाहेरून नळी नवी दिसते, म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते.

थंडीचाही विचार करावा लागतो. सायकलच्या ट्यूबमधली हवा भसकन सोडली की व्हॉल्व्ह गार लागतो. पहिल्या टप्प्यात हवा दोनशे वातावरणांवरून दहावर येते, म्हणजे तिथे गारवा कितीतरी अधिक. पाणी आधीच थंड असेल, तर झडपेभोवती बर्फ होऊन ती उघडीच अडकते. धातूचा मोठा गोळा आजूबाजूच्या पाण्यातली उष्णता झडपेपर्यंत पोचवतो, लहान हलका गोळा तेवढी पोचवू शकत नाही. युरोपीय मानकात १० अंश सेल्सिअसखालचे पाणी 'थंड' धरतात, आणि त्यासाठी न तपासलेल्या रेग्युलेटरवर तशी खूण असते. प्रवासासाठीच्या अनेक हलक्या रेग्युलेटरांवर ती आढळते. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात याने काही बिघडत नाही. पण तोच प्रवासी पुढे डोंगरातल्या थंड तळ्यात उतरणार असेल, तर वाचवलेले चारशे ग्रॅम महागात पडतील.

प्रवासाची बॅग

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. महिनोन्‌महिने फिरणारा पाणबुडा बाटली आणि शिशाची वजने सोबत नेत नाही, ती मुक्कामी भाड्याने मिळतात. रेग्युलेटर मात्र आपला असावा असे बहुतेकांना वाटते. तो तोंडात धरायचा असतो, आणि त्याची शेवटची दुरुस्ती कधी झाली हे आपल्याला ठाऊक असते.

पहिली पाहायची गोष्ट म्हणजे जोड. बाटलीला रेग्युलेटर जोडण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात चौकट बाटलीच्या तोंडावर बसवून मागून स्क्रूने आवळतात, त्याला योक म्हणतात. दुसऱ्यात आट्यांनी थेट आत फिरवून बसवतात, तो जर्मन मानकाच्या नावाने डिन म्हणून ओळखला जातो. चौकट नसल्याने डिन हलका असतो आणि जास्त दाब सोसतो. युरोपात तो सर्रास आहे, उष्ण कटिबंधातल्या अनेक पर्यटनस्थळी योक. म्हणून पुष्कळ प्रवासी डिनचा रेग्युलेटर आणि सोबत एक लहान जोडतुकडा ठेवतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. पहिल्या टप्प्याचे पिस्टनचे आणि पडद्याचे असे दोन प्रकार आहेत. साध्या पिस्टनमध्ये हलणारे भाग फार थोडे, म्हणून तो हलका, स्वस्त आणि कोठेही दुरुस्त होण्याजोगा असतो. पण बाटलीतला दाब उतरत गेला की श्वास घ्यायला लागणारा जोर त्यात थोडा बदलतो. हा बदल टाळणाऱ्या संतुलित रचना अधिक गुंतागुंतीच्या असतात. पडद्याच्या प्रकारात खारे पाणी आणि गाळ आतल्या मुख्य झडपेपर्यंत पोचत नाहीत. गढूळ पाण्यात सतत उतरणाऱ्याला याचा उपयोग होतो. मग जिथे जायचे तिथे या कंपनीचे सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न शे-दोनशे ग्रॅमच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

तिसरी गोष्ट अशी, की जोडीदाराला अडचणीत देण्यासाठी ठेवलेला जादा दुसरा टप्पा वजनाच्या हिशेबात कधीही कापू नये. तो दुसऱ्याच्या श्वासासाठी असतो.

आपल्याकडेही हे उपकरण काही नवीन नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील पुरातत्त्वज्ञ १९८० च्या दशकापासून द्वारकेच्या समुद्रात उतरत आले आहेत. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी बुडालेल्या पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेषही त्यांनी असेच पाण्याखाली जाऊन तपासले. मालवण-तारकर्लीला तर पर्यटकही आता स्कूबासाठी जातात. शाळेची सहल तिकडे गेली, तर कोणी पाण्यात उतरले नाही तरी चालेल. तिथल्या प्रशिक्षकांना बाटलीला जोडलेला रेग्युलेटर दाखवायला सांगावे. तोंडात धरायच्या डबीच्या मधोमध एक मऊ बटण असते. ते दाबले की हवा सुटते. बटणाच्या मागे पडदा असतो, आणि त्याला बोटाने आत वाकवून आपण श्वासाचेच काम करत असतो. रुकेरोल यांनी खाणकामगारांसाठी केलेली रचना ती हीच.